जित्या नातीसाठी विलाप

कोचकोर, ४ मार्च

चि. नुरझात हिला सायराआजीचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

पत्रच पाठवतेय, कारण तुझ्या फोनवर तुझ्याआधी तुझे विद्यार्थीच बोलतात. मी सांगतेय, तुझी झुराकाकू लिहितेय. मधूनमधून सासूला दटावतेय, की हळू सांगा.

मागच्या खेपेला दारातच माझा मुका घेतलास आणि लगेच ते आवाज टिपायचं यंत्र सुरू केलंस. आजोबांच्या आठवणीनं मला रडू फुटलं, तर म्हणालीस, आजी, थांब, बॅटरी बदलते. मी थांबले गं! हुंदका धरून बसले. चुलतभावाच्या लग्नात मांडीवर पेपर तपासत होतीस. नवरीच्या बापाला वाटलं, आहेर लिहून घेतेयस. बिचाऱ्यानं दोनदा स्वतःचं नाव सांगितलं.

आता म्हणतेस, आजोबा गेले तेव्हा मी युर्तच्या तंबूत बसून गायलेला कोशोक तुला प्रबंधासाठी हवाय. अगं, मेलेल्या माणसासाठीचा विलाप तो. मागितला की वाढायला काय रस्सा आहे? कुणी गेल्याशिवाय तोंडातून निघत नाही.

नौरोजच्या सणाला ये. यंत्राशिवाय, नात म्हणून.

तुझी,
आजी

बिश्केक, ९ मार्च

ती. आजीस कृ. सलाम, वि. वि.

तुझं पत्र वर्गात चाचणी चालू असताना वाचलं. मी हसले, तर पुढच्या बाकावरची मुलगी घाबरून उत्तर खोडायला लागली.

यायचं खूप मनात आहे गं. पण माझ्या मार्गदर्शक बुरुलबाईंना महिनाअखेर प्रकरण हवंय. रविवारीसुद्धा त्या घरी येतात, माझा चहा पितात आणि तळटिपा काढायला लावतात. तू दोनच कडवी लिहून पाठव, म्हणजे नौरोजला सुटका होईल. आणि सहज विचारते, गाताना तोंड रिवाजाप्रमाणे भिंतीकडे होतं ना?

तुझी,
नुरझात

कोचकोर, १४ मार्च

चि. नुरझातला आशीर्वाद, वि. वि.

सहज विचारतेस होय? भिंतीकडेच होतं.

घे तुझी कडवी. आजोबांची नव्हेत, ती त्यांच्याबरोबर गेली. पण आमच्यातलं आणखी एक माणूस गेलंय, तिच्यासाठी आज गायले. झुरा लिहिताना आधी हसली, मग डोळे पुसत बसली.

काळ्या वेणीची पोर माझी, कागदांच्या बर्फाखाली गेली गं,
सणाला हाक मारली तर म्हणाली, आजी, बैठकीत आहे गं!
ना ताप आला, ना घोड्यावरून पडली,
चांगली धडधाकट असून आम्हांला अंतरली गं!

तुझ्या बाईंना विचार, चालेल का.

तुझी, अजून जिवंत,
आजी

बिश्केक, १८ मार्च

ती. आजीस कृ. सलाम, वि. वि.

बाईंना चालला. नुसता चालला नाही, त्या उठून उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, जित्या माणसासाठी कोशोक! यावर स्वतंत्र लेख होईल, आजीची संमती आण. मी म्हटलं, बाई, हे घरचं आहे. त्यांनी विचारलं, घरचं म्हणजे नेमकं कुठल्या विभागात घालायचं? मी सरळ कागद त्यांच्या हातातून ओढून घेतला. बाई रुसल्या आहेत. प्रकरण अडलंय, बहुधा वर्षभर अडेल. काल रात्री मात्र गाढ झोपले.

परवाच्या पहिल्या गाडीनं निघते. यंत्र इथेच ठेवतेय. काकूला म्हणावं, मेंढा कापा. विलाप करून मोकळी झालीस, आता मयताचं जेवणही घालावं लागेल. मेलेली पोर स्वतःच जेवायला येतेय.

तोवर राग गिळून लोभ तेवढा शिल्लक ठेव.

तुझी नात,
नुरझात