अगूटीचा नारळ

मॉन्ट्रियल, फेब्रुवारी २०१७

तीर्थस्वरूप अरविंददादांस,

जनार्दनचा साष्टांग नमस्कार. (ही नुसती लिहायची रीत समजू नका. परवा इथल्या फुटपाथवर बर्फावरून घसरून मी तो खरोखर घातला. तोंड साधारण नाशिकच्या दिशेलाच असावं.) तुमचा गुडघा कसा आहे? नीलिमावहिनींचा खोकला थांबला का? माझी प्रकृती उत्तम, कंबर आणि डोकं सोडून. फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण तुमचा फोन वहिनी उचलतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मी काहीही लिहिलं तरी ते फॅमिली ग्रुपवरच जातं (माझ्या मूळव्याधीचं असंच झालं होतं). म्हणून पत्र.

शाळेला सुटी नाही म्हणून तुमच्या बहिणीने, लताने, मला एकट्याला इथे धाडलं ते एकाच कामासाठी, आमच्या अक्षताचं लग्न ठरवायला, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्ही सुचवलेलं स्थळ, म्हणजे वहिनींच्या बहिणीचा नंदन, सगळ्यांना पसंत. तेव्हा रविवारी स्काइपवर सगळ्यांनी बसायचं, तिकडून तुम्ही आणि इकडून मी, एकाच वेळी नारळ वाढवायचा आणि बोलणी पक्की करायची. काम सोपं होतं. ते माझ्याकडे आलं म्हणून अवघड झालं, असं लता म्हणेल, पण यात माझी चूक नेमकी कुठली हे मला अजून कळलेलं नाही.

आधी अक्षता इथे काय शिकते ते सांगतो, कारण चार वर्षं मी लोकांना नुसतं ‘पीएचडी’ सांगून वेळ मारून नेत होतो. ती अगूटी नावाच्या प्राण्यावर अभ्यास करते. हा प्राणी मेक्सिकोपासून खाली अर्जेंटिनापर्यंत सापडतो. कॅनडात एकही नाही. म्हणजे प्राणी तिकडे, प्रोफेसर इकडे, आणि फी दोघांच्या मध्ये कुठेतरी. मी विचारलं, मग इथल्या खारींवर का नाही करत? इथे बाल्कनीत येऊन बसतात मेल्या. तर म्हणाली, बाबा, इट्स नॉट द सेम थिंग. दिसायला म्हणाल तर थोडा ससा, थोडा उंदीर, पाय हरणाचे आणि शेपूट नावापुरती. (उंदीर म्हटलेलं मात्र तिला चालत नाही. ‘कुरतडणारा’ म्हणायचं.) भाऊबंद पुष्कळ: पाका हा ठिपक्यांचा, रात्रीचा फिरणारा, अकूची त्याहून लहान, आणि कॅपीबारा म्हणजे डुकराएवढा, दिवसभर पाण्यात बसणारा. तिने झाड काढून कोण कोणाचा चुलत ते समजावलं. मला आमच्या देशपांड्यांचीच वंशावळ अजून नीट लागत नाही.

तर रविवार. अक्षता सकाळीच लॅबला गेली होती. मी नारळ आणायला निघालो, तेव्हाच तो वर सांगितलेला नमस्कार घडला. हात हलवत परत आलो, आणि पाहतो तर अक्षताच्या शेल्फवर नारळ! तपकिरी, गोल, थोडा लहान, शेंडी नाही. इकडे अशीच जात असेल म्हटलं. वर शाईने आकडा लिहिला होता तो किमतीचा असणार. पोरीने न सांगता तयारी केली म्हणून डोळे भरून आले हो, खोटं कशाला सांगू. कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या (तांदळाच्या), आणि लॅपटॉप लावला.

पुढचं तुम्हाला निम्मंच दिसलं, कारण पहिल्याच दणक्यात लॅपटॉप फ्रीजकडे वळला. तुमचा नारळ तिकडे फुटला, टाळ्याही ऐकू आल्या. माझा फुटेना. ओट्यावर आपटला, ओट्याचा टवका उडाला. बाल्कनीच्या कठड्यावर आपटला. शेवटी अक्षताची रूममेट इझाबेला (वसईची, फार गुणी मुलगी) धावत आली. तिला वाटलं मला काही झालं. तिच्याकडून हातोडा घेतला, तर हातोड्याचा दांडा निघाला. नारळावर ओरखडा नाही. नंदनच्या आई तिकडून शकुनाचं काहीतरी पुटपुटल्या, ते फ्रीजने आणि मी ऐकलं. तेवढ्यात अक्षता दारात. म्हणाली, “बाबा, स्टॉप! ते माझं सँपल आहे.”

दादा, तो नारळ नव्हता. ब्राझील नटचं फळ होतं. ते म्हणे जंगलात खाली पडतं, आणि ते नुसत्या दातांनी फोडणारी जवळजवळ एकटी अगूटीच. आतल्या बिया खाते, उरलेल्या जमिनीत पुरते, काही विसरते, आणि त्यांची झाडं होतात. पाटबंधारे खात्यातला माझ्यासारखा माणूस हातोडा घेऊन जे करू शकला नाही ते! तुम्हाला मी ‘नेट गेलं’ असा मेसेज केला. नेट गेलं नव्हतं. इझाबेलाने लॅपटॉप मिटला.

मग अक्षता माझ्यासमोर बसली. तिला या जूनमध्ये गयानाच्या जंगलात जायचंय, दीड वर्षासाठी. परवानग्या आल्यात. नंदन वाईट नाही, पण त्यांना मे महिन्यात लग्न हवंय आणि मुलगी पुण्यात हवीय. “बाबा, मी आत्ता गेले नाही तर मग कधीच जाणार नाही,” एवढंच म्हणाली आणि रडली. मी लग्न ठरवायला आलेला माणूस, उठलो आणि चहा केला. दुधाऐवजी कुठलं तरी क्रीम पडलं. आम्ही तो तसाच प्यायलो. माझा काही निर्णय होत नाही. एकदा वाटतं नंदन हातचा जाईल, एकदा वाटतं पोर हातची जाईल. असो. बाकी सर्व क्षेम. थोरांना नमस्कार, आणि वहिनींना यातलं काही सांगू नये.

आपला,
जनार्दन

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. पत्रिका पुन्हा पाहिली, मंगळ निघाला, असं तुम्ही लताला तुमच्याकडून सांगाल का? नंदनकडेही तेच. मी सांगितलं तर लता मला घरात घेणार नाही. तुमचा शब्द ती मोडत नाही. अक्षताने जावं असं मला वाटतं. इतकी पानं लिहिल्यावर ते आत्ता कळलं.

ता. क. २. पाकिटावर पत्ता घालायला अक्षताला दिलं तर तिने पत्र वाचलं. म्हणते, आईला मी रविवारीच सांगितलंय. लता तिला म्हणाली, खुशाल जा, बाबांना इतक्यात सांगू नकोस, गोंधळतील. वर लताने असंही सांगितलं की बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्रात ती स्वतः पहिली आली होती, पुण्याला एम.एस्सी.चा प्रवेशही मिळाला होता, पण दादाने त्याच महिन्यात लग्न ठरवलं, आणि तिला कोणी विचारलं नाही. एकतीस वर्षं झाली आमच्या लग्नाला, मला हे ठाऊक नव्हतं. तुम्हाला होतं का, दादा? मंगळाचं राहू द्या. एवढंच कळवा.