शेवटच्या प्रकरणाचा टाका

प्रिय अब्बा,

आज तुमचा चाळिसावा झाला. जेवणं आटोपली, मागून आणलेल्या सतरंज्या परत गेल्या, अम्मी आत पडली आहे. मी दुकानात तुमच्या स्टुलावर बसून हे लिहिते आहे. पत्र लिहायचं काही मनात नव्हतं. पण दुपारी दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या आणि एक चिठ्ठी हातात देऊन गेल्या, म्हणून लिहावं लागतं आहे.

मला अजून रडू आलेलं नाही. अम्मी रोज म्हणते, रो ले बेटा, हलकं वाटेल. कसं यावं? चंद्रपूरहून एसटीने अहेरीला पोचले तेव्हा तुम्हाला गुंडाळून झालं होतं. मी तोंड पाहिलं आणि मग कापडच पाहत राहिले. कफनाला शिलाई नसते हे मला माहीत होतं. तरी अख्ख्या अहेरीचे कपडे शिवणारा माणूस बिनशिलाईच्या कापडात, हे डोक्यात शिरेना. त्यानंतर मी चहा करत होते, खुर्च्या मांडत होते, लोक काय म्हणतील त्याला हो म्हणत होते. आजही तेच केलं.

ते पुस्तक आठवतं ना? मी सहावीत होते. मापाच्या चिठ्ठ्यांसाठी तुम्ही रद्दी आणायचात, त्यात ते आलं होतं. वरचं पान नाही, नाव नाही, लेखक कोण ते नाही. आत एक निवृत्त पोस्टमास्तर आणि जागा दिसली की बसकण मारणारं त्यांचं गाढव. पोरांसाठी लिहिलेली गमतीची कादंबरी. तुम्ही ती फाडायला घेतली आणि पहिल्याच पानावर थांबलात.

त्याआधी आठवडाभर तुमचं काहीतरी बिनसलं होतं. माझ्या शाळेतून एक पत्र आलं होतं, त्यातलं अर्धं तुम्हाला कळलं नव्हतं आणि विचारायची लाज वाटून तुम्ही तशीच सही केली होती. तुमचं शिक्षण चौथीपर्यंत, तेही हिंदीतून. घरी आपली हिंदी, गिऱ्हाइकाशी इकडची बोली, तेवढ्यावर सगळं भागत होतं. पण कागदावरची मराठी तुम्हाला परकी होती. तुम्ही पुस्तक माझ्यापुढे धरून म्हणालात, "कागद लिवनारे मोठे मोठे शब्द घालते. मले ते हासत हासत शिकव. रडत शिकाचं वय गेलं माह्यं."

मग ठरलं. आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणानंतर मशीन बंद, एक प्रकरण. पुस्तक उघडं असेतो फक्त मराठी. आणि मी पुढचं चोरून वाचते हे तुम्हाला पक्कं ठाऊक असल्यामुळे तुम्ही राहिलेल्या प्रत्येक प्रकरणाची पानं कडेने कच्च्या टाक्याने शिवून टाकलीत! पुस्तकाला कच्चा टाका घालणारा शिंपी मी दुसरा पाहिला नाही. दर आठवड्याला तुम्ही ऐटीत कात्री घ्यायचात, एका प्रकरणाचा दोरा कापायचात आणि पुस्तक माझ्याकडे सरकवायचात.

नवा शब्द आला की अर्थ मी सांगायचा आणि शब्द तुम्ही लिहायचा. अर्थ लिहायचा नाही, कारण कागदावर उतरवलं की डोकं सुट्टी घेतं असं तुमचं म्हणणं. लिहायचा कशावर? समोर असेल त्या मापाच्या चिठ्ठीच्या पाठीवर. पुढून गिऱ्हाइकाची छाती, खांदा, बाही आणि मागून 'तारांबळ'. शिवून झाल्यावर चिठ्ठी काढायला तुम्ही हमखास विसरायचात. तहसीलचे मोठे बाबू नव्या पँटच्या खिशात 'गाजावाजा' घेऊन आठवडाभर हिंडले. जंगलखात्याच्या गार्डच्या कॉलरमध्ये 'पोबारा' निघाला तेव्हा तो दुकानात येऊन बसला आणि हसून हसून त्याने पाणी मागितलं. तुम्ही माफी मागितली नाही, उलट त्याला अर्थ समजावलात.

तुम्हाला किती ऐट आली होती त्या शब्दांची. अम्मीला रोज म्हणायचात, भाजीची त्रेधा उडाली. ती विचारायची, म्हणजे मीठ जास्त झालं का? तिला तुम्ही कधीच नीट उत्तर दिलं नाही, अब्बा.

आता जे लिहायचं आहे ते तोंडाने कधी सांगता आलं नाही.

शेवटचं प्रकरण राहिलं होतं. तुम्ही बटणं आणायला आल्लापल्लीला गेला होतात. मी मशीनचा खण उघडला, पुस्तक काढलं, दोरा कापला आणि ते प्रकरण एकटीने वाचून काढलं. खूप हसले. अडलेले शब्द शाळेच्या शब्दकोशात पाहिले. मग पानं पुन्हा शिवली. माझे टाके लांब आणि वाकडे, शेवटी गाठ. गाठ मारते म्हणून तुम्ही मला किती बोलायचात! कच्च्या टाक्याला गाठ मारायची नसते, दोनदा मागे सुई घालून सोडून द्यायचं, गाठीचा गोळा इस्त्रीत उमटतो. माझा हात काही ऐकला नाही.

त्या आठवड्यात तुम्ही कात्री घेतली तेव्हा मी म्हटलं, परीक्षा आहे. टाके तुम्हाला दाखवायची भीती होती आणि खोटं हसून दाखवायची त्याहून जास्त. पुढच्या आठवड्यात पोट दुखलं. मग दहावी, मग बारावी, मग चंद्रपूरचं हॉस्टेल, मग तिथेच शिक्षिकेची नोकरी. दर सुट्टीत तुम्ही एकदा तरी विचारायचात आणि दर वेळी मला काहीतरी सापडायचं. एवढ्याशा चोरीसाठी इतकी वर्षं?

मागच्या बासी ईदला, ईदच्या दुसऱ्या दिवशी, तुम्ही पुन्हा पुस्तक काढलंत. ईदच्या कपड्यांच्या घाईने तुमची बोटं सुजली होती. मी पेपर तपासल्यासारखं करत म्हटलं, तुम्हीच वाचा ना आता, तुम्हाला येतं की सगळं.

"दोघांनं वाचाचं ठरलं होतं ना," तुम्ही म्हणालात. "राहू दे. पुढच्या ईदले."

आणि खण बंद केलात. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवते.

आज नर्सबाई आल्या त्या तुम्ही शिवलेला पांढरा कोट घेऊन. ठेवणीतला म्हणून घातलाच नव्हता, आता धुवायला काढला तेव्हा आतल्या खिशातून चिठ्ठी निघाली म्हणाल्या. पुढून त्यांचं माप. मागून तुमच्या अक्षरात 'अवसान'. आणि त्याखाली, दुसऱ्या अक्षरात, अर्थ.

"अर्थ मीनं लिहून देल्ला होता," त्या म्हणाल्या. "त्याईनं इचारलं मले. मी म्हटलं, पोरीले काऊन नाई इचारत? तं म्हने, तिले नका सांगू बाई, तिच्यासंग वाचाचं आहे अजून."

'अवसान' शेवटच्या प्रकरणात आहे, अब्बा. भर बाजारात गाढवाचं अवसान गळतं तिथे. तो शब्द मी तुम्हाला कधीच सांगितला नव्हता.

नर्सबाई डोळे पुसत गेल्या. मी त्यांची कपबशी विसळली आणि मग खण उघडला. पुस्तक होतं. शेवटची पानं शिवलेली होती. टाके लांब, वाकडे, अगदी माझे. क्षणभर वाटलं, बाई चुकल्या असतील. मग दोऱ्याचं टोक पाहिलं. गाठ नव्हती. दोनदा मागे सुई घालून दोरा सोडला होता.

माझा दोरा कापून तुम्ही वाचलंत. मग तुमच्या हाताने, ज्या हाताची सरळ शिलाई बघायला लोक थांबत, मुद्दाम वाकडं शिवलंत. मला कळू नये म्हणून. आणि सवयीने शेवट तेवढा तुमचा करून बसलात.

मी दोरा कापला. आत मापाच्या सहा चिठ्ठ्या होत्या, त्यांवरच्या मापाच्या तारखा नर्सबाईंच्या चिठ्ठीसारख्याच मागच्या ईदच्या आधीच्या. सहा शब्द तुमच्या अक्षरात आणि खाली अर्थ, प्रत्येक वेगळ्या अक्षरात. ज्याचं माप, त्यालाच अर्थ विचारला होतात. तहसीलच्या बाबूंचं वळणदार अक्षर ओळखलं. गार्डचं पेन्सिलीतलं ओळखलं. शाळेचं पत्र वाचता आलं नाही तेव्हा ज्याला विचारायची लाज वाटली होती, असं अर्धं गाव त्यात होतं.

म्हणजे मागच्या ईदला तुम्हाला एकही शब्द अडलेला नव्हता. गोष्टही माहीत होती. मी वाचलेली आहे हेसुद्धा माहीत होतं. तरी तुम्ही पुस्तक पुढे केलंत. तुम्हाला काय हवं होतं ते मला आज कळलं, आणि द्यायला एक दुपार पुरली असती.

एकदा बोलायचं होतंत ना, अब्बा. रागवायचं होतंत. टाका वाकडा आहे एवढं म्हणाला असतात तरी मी कबूल केलं असतं. की नसतं केलं?

अजूनही रडू येत नाही.

एक वचन देते. परवा बाजार आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर मी इथे स्टूल टाकून बसेन, अम्मीला समोर बसवेन आणि शेवटचं प्रकरण मोठ्याने वाचेन, पहिल्यांदा वाचते आहे असं समजून. तोवर पानं पुन्हा शिवून ठेवली आहेत. या वेळी गाठ मारली नाही.

तुमची,
शब्बो