दुहेरी कव्हरात सापडलेल्या तबकडीबाबत

मी, मर्डो इयन हीनन, वय ७९, पूर्वीचा धंदा रेडिओ व रेकॉर्ड-प्लेयर दुरुस्ती, राहणार ४१, निथ रस्ता, इन्व्हरकार्गिल, न्यूझीलंड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा कागद सोबत जोडला आहे. त्यांनी मला पंतप्रधानांचं नाव आणि आजचा वार विचारला. दोन्ही बरोबर आले. ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसलो ती त्यांनी विचारली नाही, आणि मीही आपण होऊन सांगितली नाही. यापूर्वीचं माझं एकच मृत्युपत्र आहे, १९८८ सालचं. त्यात सर्व काही माझी पत्नी नोलीन हिला दिलं होतं. ती २०१६ मध्ये गेली, तेव्हा ते रद्द समजावं.

कलम १. राहतं घर माझी मुलगी शोना हिला. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचं कामही तिनेच पाहावं. मागच्या खोलीची दक्षिणेकडची भिंत हिवाळ्यात ओल धरते, म्हणून रेकॉर्डी कधीही त्या भिंतीला लावून ठेवलेल्या नाहीत. शोना ब्रिस्बेनला असते, ती घर विकणार हे मी धरून चालतो. माझा राग नाही.

कलम २. बँकेत जे असेल त्यातून माझा अंत्यविधी साधेपणाने करावा. चहा आणि चीज रोल असावेत, आणि रोलला दोन्ही अंगांनी लोणी लावून भाजावं. नोलीनच्या वेळी एकाच अंगाला लावलं होतं आणि लोकांनी बशीत तसेच टाकले.

कलम ३. दुकानातली हत्यारं, म्हणजे तारांना डाख देण्याची सोल्डरिंग आयर्न, सुईचा भार तोलायचा छोटा काटा आणि रबरी पट्ट्यांचा डबा, रेकॉर्डी ऐकणाऱ्या आमच्या मंगळवारच्या मंडळाला द्यावीत. माझे जावई ग्लेन यांना यातलं काही देऊ नये. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा रेकॉर्डींच्या कपाटांसमोर उभे राहून ते म्हणाले होते, "बाबा, हे सगळं आता फोनमध्ये आहे की." ग्लेन यांना फोन आहेच.

कलम ४. श्रीमती ऑड्री डॉबी, मंडळाच्या अध्यक्षा, यांनी १९९८ साली मी आणलेल्या पियानोच्या अल्बमला "दाताच्या दवाखान्यात लावतात तसलं काहीतरी" म्हटलं होतं. त्यांना माफ केलं आहे. तो अल्बम त्यांनाच द्यावा, म्हणजे घरी बसून पुन्हा ऐकता येईल.

कलम ५. उरलेला सर्व संग्रह मंडळाला. शोनाला मंडळाची माहिती नाही, म्हणून लिहितो. दर मंगळवारी दुपारी दोन वाजता बोल्स खेळणाऱ्यांच्या क्लबच्या मागच्या खोलीत आम्ही आठ-दहा जण जमतो. पहिला प्रश्न ठरलेला: "सध्या काय वाजतंय?" ज्याने त्याने त्या आठवड्यात घरी खरोखर लावलेला अल्बम आणायचा, सगळ्यांनी गप्प बसून एक बाजू ऐकायची आणि मग बोलायचं. आवडला तर तिथल्या तिथे उसना न्यायचा, तोंडी शब्दावर. भाव खाण्यासाठी न ऐकलेलं काही आणायचं नाही, हा एकच नियम.

तो नियम मी नऊ वर्षं मोडत आलो. या काळात माझ्या घरी मुख्यतः एकच अल्बम वाजला: नोलीनचा, नाचाच्या बँडचा, पुस्तकासारख्या उघडणाऱ्या दुहेरी कव्हरातला. तिच्या हयातीत मी त्याला नाकं मुरडली. तो घेऊन मंडळात जायची मला लाज वाटे, म्हणून मी अवघड, कोणाला चटकन न कळणाऱ्या रेकॉर्डी नेल्या आणि त्यांच्यावर लांबलचक बोललो. मंडळी माना डोलवत. त्या सर्व मंगळवारांबद्दल मी दिलगीर आहे.

नोलीनचा हा अल्बम मात्र मंडळाला देऊ नये. तो शोनाने ठेवावा.

कलम ६. हे कलम मंडळाच्या बैठकीत मोठ्याने, एकही शब्द न गाळता वाचावं. ऑड्रीबाईंनी वाचावं, आणि उभं राहून.

माझ्याकडे 'भरतीची वाट' नावाचा अल्बम आहे. ब्लफ बंदरावरच्या तीन मच्छीमारांनी तो १९७३ साली पदरमोड करून काढला. गिटार, अकॉर्डियन आणि एकाचा घोगरा आवाज. दोनशे प्रती निघाल्या म्हणतात. आज शाबूत किती आहेत कोणास ठाऊक.

२००९ च्या मे महिन्यात तो एपिहा पोहातू याने माझ्याकडून उसना नेला. एपिहा कोर्टाच्या कचेरीत कारकून होता. पूर्व किनाऱ्याकडचं माओरी घराणं, वडील इथल्या कत्तलखान्यात कामाला आले ते इथलेच झाले. मंडळाच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे असे. थंडीच्या दिवसांत तो अर्धा तास आधी येऊन हीटर लावून ठेवी. माझा त्याच्याइतका जवळचा मित्र दुसरा नव्हता. पुढच्या मंगळवारी त्याने अल्बम परत आणून दिला. त्यानंतर दोन आठवड्यांनी मी तोच बैठकीत न्यायचा ठरवला, सगळ्यांसमोर कव्हर उघडलं, तर आत तबकडी नाही.

मी म्हणालो, "एपिहा, आतली तबकडी कुठाय?"

"आतच. तुझ्या हातात दिली की मी."

"कव्हर दिलंस."

"मर्डो, घरी जाऊन नीट बघ जरा. चुकून कुठंतरी ठेवली असशील."

"माझ्या घरात रेकॉर्डी हरवत नसतात."

यापुढे मी काही बोललो नाही, आणि तेच पुरलं. त्या खोलीत तो एकटाच माओरी होता. आळ इतक्या झटकन का चिकटला ते मला त्या क्षणीही कळत होतं, आणि मी तो चिकटू दिला. ऑड्रीबाई म्हणाल्या, "एपिहा, तेवढी किल्ली टेबलावर ठेवून जा बरं. उगाच कोणाला बोलायला जागा नको." त्याने किल्ली काढून ठेवली. आपला कप विसळून पालथा घातला आणि गेला. मंडळात तो पुन्हा आला नाही.

घरी आल्यावर नोलीन म्हणाली, "अरे, परवा लावली होतीस ती. मी इस्त्री करत होते."

मी म्हणालो, "तुला सगळ्या सारख्याच वाटतात."

"वाटतात. पण तो घोगरा मधेच खोकतो, तेवढं मला कळतं."

मी तिचं ऐकलं नाही. तिला गाण्यातलं काय कळतं, असं मी धरून चाललो होतो. लग्नाला तेव्हा सदतीस वर्षं झाली होती.

नोलीनच्या अंत्यविधीला एपिहा आला. मागच्या रांगेत उभा राहिला आणि जाताना माझा हात दोन्ही हातांत धरून गेला. त्यानंतर चौथ्या दिवशी मी नोलीनचा तो नाचाचा अल्बम आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून हातात घेतला. दुहेरी कव्हर, पण तबकडी एकच; दुसरा कप्पा नुसता शोभेचा, रिकामा. तो रिकामा नव्हता. त्यात 'भरतीची वाट' होती.

काय झालं असेल ते लगेच उमगलं. त्या दिवशी मी ती ऐकली, नोलीनच्या अल्बमचं कव्हर खुर्चीवर पडलेलं होतं, बोलता बोलता तबकडी त्यात सरकवली आणि रिकामं कव्हर जागेवर लावून टाकलं. नवखा माणूस अशी चूक करणार नाही, कारण तो प्रत्येक वेळी कव्हर बघतो. माझे हात न बघता चालत. शिवाय नोलीनच्या अल्बमला मी हातच लावत नव्हतो, त्यामुळे ती सात वर्षं तिथे सुखरूप राहिली.

मी फोनपर्यंत गेलो आणि परत आलो. पहिल्या दिवशी लाज वाटली म्हणून सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी, काल का सांगितलं नाही याची लाज. मग आठवडे गेले, वर्षं गेली. तीन पत्रं लिहिली, एकही टाकलं नाही. एपिहा बाजारात भेटे, मान हलवे, आणि मी दह्याच्या डब्यांवरच्या तारखा वाचत उभा राही. २०१९ मध्ये त्याची पत्नी मेरे वारल्याचं वर्तमानपत्रात वाचलं. मी गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाणार होतो?

तरी मी जाहीर करतो की एपिहा पोहातू याने माझी रेकॉर्ड घेतली नव्हती. ती त्याने जशीच्या तशी परत केली होती. खोटा मी पडलो, आणि ते ठाऊक झाल्यावर नऊ वर्षं गप्प बसलो. मंडळाने त्याची क्षमा मागावी आणि किल्ली त्याला परत द्यावी. 'भरतीची वाट' हा अल्बम, कव्हर आणि तबकडी दोन्ही, मी एपिहा पोहातू याला देत आहे.

कलम ७. हे कलम आज सह्यांच्या वेळी वाढवलं आहे.

साक्षीदार दोन लागतात. एक सिना तुइलोमा, मला तपासायला येणारी परिचारिका. दुसरा कोणीही चालला असता. मी एपिहाला फोन केला. सोळा वर्षांनी बोलायला मला एवढंच निमित्त सुचलं. "साक्षीदार पाहिजे," म्हणालो. तो म्हणाला, "येतो."

साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, नुसती सही होताना बघायची. मीच त्याच्यापुढे कागद सरकवले. त्याने चष्मा बदलला आणि सहावं कलम उभ्यानेच दोनदा वाचलं. सिना म्हणाली, "आजोबा, मी बाहेर थांबू का?" एपिहा म्हणाला, "थांब इथंच, पोरी. साक्षीदार आहेस."

मग त्याने मला विचारलं, "हरवली तेव्हा तुझी चूक झाली. ते समजू शकतो. सापडली कधी म्हणालास?"

"सोळा साली. नोलीन गेल्यावर."

"मेरे एकोणीसला गेली."

मी हो म्हणालो.

"तीन वर्षं, मर्डो. शेवटपर्यंत ती मला म्हणायची, 'खरं सांग, तू ठेवून तर नाही ना घेतलीस? घेतली असलीस तरी मी काही बोलणार नाही.' दर वेळी मी नाही म्हणायचो आणि ती म्हणायची, 'बरं.' तिला खरं वाटलं की नाही, ते मला कधी कळलं नाही."

मी क्षमा मागितली, पण ती इतकी उशिरा आली होती की मलाच ऐकवेना. तो बसला आणि पेन मागितलं.

मी म्हणालो, "तू सही करू नकोस. साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही म्हणतात. दुसरा कोणी बघतो."

"तीस वर्षं कोर्टाच्या खिडकीत बसून लोकांना मीच ते सांगत आलोय. कुठं करायची सही?"

"अल्बम तुला देता येणार नाही मग."

"नको मला. माझ्या घरात ती रेकॉर्ड आता कोणासाठी आणू?" आणि पेनचं टोपण काढत, "ते सहावं कलम ऑड्रीबाईंना वाचायला लावू नकोस. मेल्यावर तर नाहीच. येत्या मंगळवारी तू जा आणि तोंडाने सांग."

"तू येशील?"

"नाही."

सबब सहाव्या कलमातली अल्बमची देणगी साक्षीदाराच्या सहीमुळे निरर्थक ठरते; 'भरतीची वाट' मंडळाकडे न जाता शोनाला द्यावी. शोना, ती कोणाला विकू नकोस. कलमाचं वाचन मी येत्या मंगळवारी, १९ ऑगस्ट रोजी, स्वतः करीन. त्याआधी माझं काही बरंवाईट झालं तरच ऑड्रीबाईंनी ते करावं. किल्लीबद्दल एपिहाने काही सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

वरील सर्व मजकूर मी पूर्ण शुद्धीत लिहिला असून तो मला मान्य आहे.

ठिकाण: इन्व्हरकार्गिल
दिनांक: गुरुवार, १४ ऑगस्ट २०२५

(सही) मर्डो इयन हीनन

मर्डो हीनन यांनी आम्हा दोघांच्या देखत सही केली आणि त्यांच्या देखत आम्ही केली.

साक्षीदार १: (सही) सिना तुइलोमा, परिचारिका, इन्व्हरकार्गिल

साक्षीदार २: (सही) एपिहा पोहातू, निवृत्त कोर्ट कारकून, इन्व्हरकार्गिल. मजकूर वाचला आहे. त्यातली मेरे माझी पत्नी होती.