प्रिंटर बंद आहे

४ मार्च

पुन्हा तेच! कॅशियरकाकांनी इस्त्रीवाल्या मावशींना परत पाठवलं — "आज प्रिंटर बंद आहे, उद्या या." प्रिंटर चालू होता. थोड्या वेळापूर्वीच मी एका मास्तरांचं पासबुक त्यावर छापून दिलं होतं. मावशी सुनेला घेऊन भर उन्हात आल्या होत्या. तशाच उन्हात परत गेल्या.

अशानेच लोक बँकेला नावं ठेवतात. बाबा तर बँकेत गेले की दारावरच्या शिपायालाही "साहेब" म्हणायचे. माझ्या खिडकीसमोर कुणी असं अवघडून उभं राहू नये, म्हणून तर मी इथे लागले.

६ मार्च

मॅनेजर मॅडमनी सगळ्यांना आत बोलावलं. महिनाअखेर आपल्या शाखेचं काउंटर बंद. ज्यांना माणूस हवा, त्यांनी गावाबाहेरच्या मोठ्या शाखेत जायचं. तोवर प्रत्येक खातेदाराच्या फोनवर अ‍ॅप सुरू करून द्यायचं. कुणी किती केली ते फळ्यावर लिहिलं जाणार.

काका म्हणाले, "म्हणजे आपली खुर्ची आपणच उचलून बाहेर नेऊन ठेवायची!" कुणी हसलं नाही. मला मात्र हुरूप आला. हेलपाटे नाहीत, खोटे बंद प्रिंटर नाहीत!

७ मार्च

मावशी आल्या, सूनही सोबत. काका जेवायला गेले होते — बरंच झालं. दोघींना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. मावशींच्या फोनमध्ये अ‍ॅप घातलं. पण ते उघडायला मावशींचं बोट काही केल्या उमटेना. जन्मभर इस्त्री करून बोटं गुळगुळीत झालीत. पिन टाकू म्हटलं तर "आकडे नाही गं राहत ध्यानात."

मग मलाच सुचलं. "सूनबाईंचं बोट घालू या?"

पहिल्याच झटक्यात उमटलं! स्क्रीनवर शिल्लक आली. सून म्हणाली, "अगंबाई! आई, एवढे?"

मावशी फोनकडे बघतच राहिल्या. कौतुकाने.

८ मार्च

फळ्यावर मी सगळ्यांच्या पुढे.

१२ मार्च

कौतुकाने नव्हतं ते.

आज मावशी एकट्या आल्या, थेट काकांच्या खिडकीशी. "मुलगा म्हणतो, एवढे पडून आहेत तर टेम्पोला दे. काय सांगू त्याला?" काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी धावत गेले — "मावशी, अ‍ॅप बंद करते, आत्ताच्या आत्ता."

"फोनमधून काढशील गं. त्यांच्या डोक्यातून कसं काढशील?"

आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मी अ‍ॅप बंद केलं, त्यांनी फोन घेतला आणि गेल्या.

काकांनी नंतर सांगितलं. मावशींना स्वतःची खोली भाड्याने घ्यायची होती. इस्त्रीचं टेबल, एक खाट आणि आतून लावता येईल अशी कडी. त्यासाठी साठवत होत्या, घरात कुणाला पत्ता नव्हता. पण सून म्हणाली "मीही येते", तर नाही कसं म्हणायचं? म्हणून काकांशी ठरलेलं — एकट्या आल्या की प्रिंटर चालू, सोबत कुणी असलं की बंद.

"मग मला का नाही सांगितलंत?" मी जवळजवळ ओरडलेच.

"तू माझ्याशी बोलत होतीस कुठे? डोळे वटारून बघायचीस. म्हटलं, मरू दे." मग चष्मा पुसत म्हणाले, "सांगायला हवं होतं. चुकलंच माझं."

त्यांचं काय चुकलं! बोट मी मागितलं.

१३ मार्च

आईला सांगितलं. भाजी निवडता निवडता ती थांबली. "तुझी कॉलेजची फी कुठून यायची, ठाऊक आहे?"

बाबा भरायचे, असंच मला वाटायचं. ती शेजारच्या काकूंकडे पैसे वेगळे ठेवायची. बाबांना न सांगता. "तुझे बाबा वाईट नव्हते गं. पण समोर दिसले असते तर घरातच लागले असते."

पदवी मिळाली तेव्हा बाबांनी माझा फोटो गल्लीभर मिरवला. आई मागे उभी होती, पदर सावरत. तिला मी कधी काही विचारलं नाही. मावशींनाही नाही. पाणी दिलं, खुर्ची दिली — आणि "तुम्हाला हे हवंय का?" एवढं विचारायचं राहिलं.

२० मार्च

धीर करून मावशींना फोन लावला. सुनेने उचलला. "आई इस्त्री करतायत. काही काम होतं?"

काही नाही, म्हटलं.

२६ मार्च

टेम्पो आला. काकांनी पाहिला. निळा आहे म्हणे.

३१ मार्च

काउंटर बंद झालं. खिडकीला आतून पुठ्ठा लावला. सगळ्यात जास्त अ‍ॅप माझी, म्हणून मॅडमनी टाळ्या वाजवायला लावल्या. काकांनीही वाजवल्या. मला हात कुठे ठेवावेत कळेना.

११ एप्रिल

मावशी रस्त्यात दिसल्या, डोक्यावर कपड्यांचं गाठोडं. मी पलीकडून सटकणार होते, त्यांनीच हाक मारली. "अर्धे गेले टेम्पोत. उरलेले दुसऱ्या बँकेत टाकले. घरी सांगितलं, संपले!"

"कुठल्या बँकेत?" — सवयीने तोंडून गेलंच.

मावशी हसल्या. गाठोडं सावरलं.

"तुला तर मुळीच नाही सांगणार."