आराखड्यातून उडालेली ओळ

मंगळवार, दिवेलागण. रेवदंडा

आजच्या मीटिंगने डोकं उठवलं. आकाश सर्वेक्षणाची मोठी दुर्बीण रोज ढिगाने नव्या चमका टिपणार. त्या कशाच्या, हे लगेच तपासायला लहान दुर्बिणी हव्यात. आराखड्यात ती ओळच नाही. दोन तास चर्चा फक्त मोठीच्या आरशाची.

आई अंगणात बोंबील वाळवायची वलांडी बांधत होती, बाबांची बोट उद्या येणार म्हणून. तिच्यापाशी सगळं ओकले. म्हणाली, "बोट भरून येल नि वलांडी नाय? मासली कुजंल. कोनी लिवलंच नाय?"

लिहिलं होतं, मला आठवतंय. मग ती ओळ उडवली कोणी? तावातावाने जुने मसुदे उघडले. ओळ सापडली. खोडल्याची नोंद माझ्याच नावावर. आराखडा एका पानात बसवायचा होता म्हणून.

आई विचारतेय, "गावला का तो?"

अजून नाही म्हणाले.