पाठीवर ओरखडा नाही

३ मार्च १९९८, मंगळवार

घेतली! छपरासाठी साठवलेले अडीच हजार डॉलर रमोनाच्या जेवणाच्या टेबलावर ठेवले आणि इलेक्ट्रिक गिटारची पेटी उचलून बाहेर पडले. माझ्या गिटार दुरुस्तीच्या दुकानाचं छप्पर गळतंय, गळू दे. बादली आहे.

गायक वेड कोलबर्टला जाऊन दोन वर्षं झाली. आता त्याची बायको रमोना घर रिकामं करतेय. टोप्या गेल्या, बूट गेले, ही पलंगाखाली राहिली होती. "याच गिटारवर त्यानं ते गाजलेलं गाणं वाजवलं गं," रमोना म्हणाली. मला म्हणाली! माझ्याकडे बघितलं मात्र नाही. मीही गप्प. छत्तीस वर्षांची गप्प राहायची सवय एका दुपारी थोडीच सुटते.

या वहीत तरी लिहिते. त्या गाण्याच्या सुरुवातीचे आठ सूर, ज्यांवर नॅशविलमधली अर्धी दुकानं अजून पोट भरतायत, ते मी वाजवले. ओपल रेनफ्रोनं! वेड स्टुडिओतल्या काचेपलीकडे उभा राहून गात होता. छान गात होता, नाकारत नाही. पण गिटार त्याला तीन कॉर्डांपलीकडे कधी आलीच नाही. कंपनीचा माणूस म्हणाला, "बाईनं वाजवलंय असं कळलं तर रेकॉर्ड घेईल कोण?" तेव्हा कव्हरवर वाजवणाऱ्यांची नावं नसायचीच. गिटार वेडची, फोटो वेडचा, नाव वेडचं. मी पैशांचं पाकीट घेऊन घरी गेले.

मला ती ठेवायची नाहीये. बोटं वाकडी झालीत, वाजवणं संपलं. विकायचीच आहे. पण ती कुणी वाजवली हे सांगणाऱ्या सोबतच्या कागदावर माझं नाव घालून विकणार — नाहीतर विकणार नाही.

४ मार्च

पुसली नाही. जुन्या गिटारवरचा मळ पुसला की किंमत उतरते, हे गिऱ्हाइकांना सांगून सांगून माझं तोंड दुखलंय.

पुढून झिजलीय, जिथे माझा उजवा हात टेकायचा तिथेच. पाठ मात्र आरशासारखी. फक्त मधोमध तीन बारीक खळगे, एकाखाली एक. बराच वेळ कळेना हे कसले. मग एकटीच खो खो हसत सुटले. निळा झगा!

स्टुडिओवाला मला ओव्हरॉलमध्ये आत घेईना. "बाईमाणसानं बाईसारखं यावं." रमोना तेव्हा नवी नवरी, माझ्याच मापाची. तिनं आपला झगा दिला. समोर पितळी बटणं. आठवडाभर, रोज दहा तास, मी खुर्चीत बसून गिटार पोटाशी घट्ट धरून वाजवलं. शनिवारी झगा धुऊन, इस्त्री करून परत केला. बटणं इथे आपली सही करून गेली होती, मला पत्ताच नव्हता.

९ मार्च, सोमवार

लाइल हॅस्केट आला. जुन्या गिटारी घेऊन विकणं हा त्याचा धंदा. गिऱ्हाईक टल्साचं, दातांचा डॉक्टर. सगळ्या चांगल्या गिटारी शेवटी दातांच्या डॉक्टरांकडेच का जातात, देव जाणे! तीस हजार द्यायला तयार आहे म्हणे.

लाइलनं स्क्रू काढून आत बघितलं. आतल्या वायरींची जोडणी कारखान्यातली, कुणाचा हात लागलेला नाही. गडी खुशीत शीळ घालत होता. मग गिटार उलटी केली आणि शीळ थांबली.

"ओपलबाई, बक्कल कुठाय?"

"कसलं बक्कल?"

"अहो, वेडच्या पट्ट्याचं! बशीएवढं बक्कल लावून दहा वर्षं स्टेजवर नाचला माणूस. पाठ खरवडून निघायला हवी. ही तर कोरी! ही त्याची नाहीच मुळी."

सांगितलं त्याला. स्टेजवरची दुसरी होती, याच रंगाची. तिला बिचारीला वायरसुद्धा लावत नसत, मागे दुसरं कुणी तरी वाजवायचं. रेकॉर्डवर ही आहे, आणि ही मी वाजवलीय. तोंडानं बोलले एकदाचं!

लाइल पोट धरून हसला. "तुम्ही गोष्ट फार छान सांगता बाई."

११ मार्च

लाइलचा फोन. डोकं लढवलंय पठ्ठ्यानं! "तुम्ही नव्या गिटारी जुन्या करून देता ना? मग अर्ध्या तासाचं काम. एक बक्कल घ्या आणि घासा. आणि ते तीन खळगे आहेत बघा, ते तेवढे बुजवा. उगाच घाण दिसतात."

करते मी ते काम. बँकेतली माणसं कोरी गिटार आणतात आणि म्हणतात, चाळीस वर्षं दारूच्या गुत्त्यात वाजवलीय असं दिसू दे. देते करून. घेणाऱ्याला माहीत असतं ना खोटं आहे ते! पण ही? खऱ्या गिटारीला खरी ठरवायला खोटे ओरखडे?

फोन आपटला. मग परत लावला, कारण दोन शिव्या राहिल्या होत्या.

१४ मार्च, शनिवार

गिटार दुकानाच्या काचेत टांगली. खाली पाटी लिहिली: मालक वेड कोलबर्ट. त्या गाण्यावर वाजवणारी ओपल रेनफ्रो. तीस हजार. घासाघीस नाही.

दिवसभर माणसं थांबत होती, वाचत होती, हसत होती. एक टोपीवाला आत आला. "बरं मग, वाजवून दाखवा की."

घेतली हातात. पाच सूर आले. सहाव्याला बोट वळलंच नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. त्यानं टोपीला हात लावला, "चालायचंच आजी," म्हणाला आणि अगदी सभ्यपणे निघून गेला. हसला असता तर परवडलं असतं. मागच्या खोलीत जाऊन रडले. वहीला काय लाजायचं.

पाटी काढली नाही.

१५ मार्च, रविवार

चर्चच्या जेवणात रमोनानं गाठलं. पाटी बघून आलेली. बटाट्याच्या सॅलडपुढे सगळ्यांदेखत — "मेलेल्या माणसाला उघडं पाडतेस? लाज नाही वाटत?"

"तो जिवंत होता तेव्हा गप्पच बसले की मी!"

"पैसे हवेत ना तुला? बोल ना किती."

"पैसे नकोत मला. तू तिथे होतीस रमोना. कोपऱ्यात बसून विणत होतीस. एवढंच सांग लोकांना."

"मला काही आठवत नाही," म्हणाली आणि ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर गेली. तिनं केलेला पेकान-अक्रोडाचा केक माझ्या पुढ्यातच राहिला. रागारागानं दोन तुकडे खाल्ले. चांगला झाला होता, तेच तर वाईट.

१८ मार्च

लाइल म्हणतो, रमोना शपथेवर लिहून देणार. वेडनंच वाजवली म्हणून! शनिवारी दोघं येतायत. "तुम्ही फक्त पाठीचं बघा. तीस हजार बाई, तीस!"

एकदा तो कागद झाला की मी संपले. आजवर माझं नाव कुठे नव्हतं, पण मी नव्हतेच असंही कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं.

म्हटलं, "गिटार माझी आहे, लाइल. त्या दातवाल्याला म्हणावं, कागद वाजव."

१९ मार्च

पाऊस. दोन बादल्या भरल्या.

२० मार्च

लिहूनच टाकते. आज बक्कल हातात घेतलं होतं. नवं छप्पर, गुडघ्याचा डॉक्टर, सगळं डोळ्यांपुढून गेलं. गिटार पालथी घातली, बक्कल टेकवलंसुद्धा. मग अंगठा त्या खळग्यांवर गेला. एक, दोन, तीन.

नाही करत जा! बक्कल खणात फेकलं.

२१ मार्च, शनिवार

लाइल दहाला आला, पेन उघडून तयार. मागोमाग रमोना. हातात शपथेचा कागद नव्हता, एक पिशवी होती. न बोलता तिनं निळा झगा काढून काउंटरवर पसरला, आणि वर गिटार ठेवली, पाठ खाली.

तीन बटणं. तीन खळगे. बसली की नेमकी!

"दर वर्षी हा झगा जाळायला काढायचे आणि परत ठेवायचे," रमोना म्हणाली. "ओपल, तुझ्यानंतर त्यानं ही गिटार एकदाही गळ्यात घातली नाही गं. लाजायचा."

लाइल पुटपुटला, "किंमत उतरेल हं."

"उतरू दे!" आम्ही दोघी एकदमच.

रमोनानं काउंटरवरचा एक कोरा कागद लाइलपुढे सरकवला. "खरं लिहा. सही मी करते. आणि तिचं नाव नीट लिहा — रेनफ्रो."