अकरा वर्षं तीच पँट

तीर्थरूप ताईच्या पायांशी धाकट्याचा वाकून नमस्कार. (आता वाकता येतं, ही या पत्रातली पहिली बातमी. गेली काही वर्षं मी तुझ्यापुढे वाकत होतो ते नुसतं शाईने.) तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला आणि त्या खोकल्यावरचे त्यांचे स्वतःचे उपाय, दोन्ही आटोक्यात आहेत ना? मागच्या आठवड्यात तू फोन उचललास तेव्हा 'हॅलो' आणि 'बोल' या दोन शब्दांमध्ये इतका वेळ गेला की तेवढ्यात माझी एक बाही शिवून झाली असती. जिना चढून आले, म्हणालीस. तुमच्या घराला पायऱ्या चार. पण ते असो, त्याच्याकडे मी नंतर येतो.

आधी गुन्हा कबूल करतो. तीन महिन्यांपूर्वी मी हर्नियाच्या ऑपरेशनला चाललोय असं तुला कळवलं होतं, ते साफ खोटं. (तू पोटाला बांधायला म्हणून विणून पाठवलेला लोकरीचा पट्टा मी गळ्यात मफलर म्हणून वापरतो. उबदार आहे.) खरं ऑपरेशन वजनाचं होतं. तुला सांगितलं नाही, कारण तू काय म्हणाली असतीस ते मला पाठ आहे. आपल्या घराचा बांधाच असा, बाबा असेच होते. ताई, बाबा असेच होते आणि दुकानाच्या जिन्यात बाराव्या पायरीवर बसले ते उठलेच नाहीत. तेव्हा त्यांचं वय चोपन्न. मला आता चोपन्नावं लागेल. या वर्षाच्या सुरुवातीपासून मीसुद्धा त्याच बाराव्या पायरीवर थांबायला लागलो होतो. तिथे भिंतीत एक जुना खिळा आहे. कोणी वरून-खालून आलं की मी त्या खिळ्याकडे असा बघायचो, जणू त्याचीच पाहणी करायला थांबलोय. मला भीती वाटायची. हे इतकं सरळ मी हिलाही बोललो नव्हतो.

ही म्हणजे तुझी भावजय. तिने ते न सांगता ओळखलं आणि मला सर्जनबाईंकडे नेलं. बाई हडकुळ्या, बोलायला मोजक्या, आणि अंगातल्या पांढऱ्या कोटाचा उजवा खांदा अर्धा इंच उतरलेला. माझं निम्मं लक्ष त्या खांद्याकडे. काटा एकशे अठ्ठावीस किलो म्हणाला. मी शांतपणे म्हणालो की काटा बिघडला आहे, कारण ही पँट मी अकरा वर्षं घालतोय आणि आजही ती कमरेला तशीच बसते. आम्ही शिंपी माणसं, आमचा विश्वास कापडावर. बाईंनी पँटकडे पाहिलं, हिच्याकडे पाहिलं, आणि ही खिडकीतून बाहेर बघायला लागली. (हे लक्षात ठेव.) बाई म्हणाल्या, पँटला डायबेटिस नसतो, तुम्हाला आहे.

मग पर्याय आले. ताई, गिऱ्हाइकाला कापडाचे तीन गठ्ठे दाखवल्यावर त्याचा चेहरा कसा होतो ते मी आयुष्यभर पाहिलंय. त्या दिवशी तो चेहरा माझा होता. पहिला पर्याय फुग्याचा. पोटात एक फुगा ठेवायचा, म्हणजे जागा कमी होते. सहा महिन्यांनी तो काढायचा. आमचा एक बँकेतला गिऱ्हाईक सांगत होता की त्याच्या मेव्हण्याने ठेवला होता, आणि फुगा निघाल्यावर मेव्हण्याने सहा महिन्यांची कसर सहा आठवड्यांत भरून काढली. दुसऱ्या पर्यायात पोटाचा मोठा भाग कापून काढतात आणि नळीएवढं पोट ठेवतात. हा मला एकदम पटला. जास्तीचं कापड कापलं, शिवण मारली, संपलं. तिसरा बायपास. पोटाचा वरचा भाग वेगळा करून अंड्याएवढी पिशवी ठेवायची आणि आतडं वळवून थेट तिला जोडायचं. मी हात जोडले. ज्या कामात एवढे जोड तिथे कधीतरी काहीतरी उसवतं, हा तीस वर्षांचा अनुभव आहे.

पण सर्जनबाईंनी माझ्या छातीतल्या जळजळीची आणि साखरेची अशी उलटतपासणी घेतली की मी कोर्टात उभा आहे असं वाटलं. नळीच्या पोटाने जळजळ वाढू शकते, तुमच्यासारख्याला बायपास बरा, त्यात साखरही चांगली आटोक्यात येते, म्हणाल्या. गोळ्या मात्र जन्मभर घ्याव्या लागतील आणि तपासणी चुकवायची नाही. मी विचारलं, दोरा कोणता वापरता? बऱ्याच ठिकाणी दोरा नाहीच, स्टेपलर. माझा जीव खाली-वर झाला. (कागदाला मारतात तसल्या पिना माणसाला? वेगळ्या असतात म्हणे. असोत.) मग मी मार्जिन किती सोडता ते विचारलं, आणि बाई पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, एवढं तपशिलात आजवर कोणी विचारलं नाही. त्या हसल्यावर तो उतरलेला खांदा मला जरा सहन झाला आणि मी बायपासच्या कागदावर सही केली.

ऑपरेशनबद्दल मला काहीच सांगता येणार नाही, कारण मी झोपलो होतो. पोटावर पाच छोट्या खुणा आहेत, काजांएवढ्या. काम सुबक आहे, मान्य करतो. खरी शिक्षा नंतर. आधी नुसतं पातळ, मग घुसळलेलं, मग मऊ. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही. प्रत्येक घास पंचवीस वेळा चावायचा. मी टाके मोजतो तसे घास मोजायला लागलो. एक उकडलेलं अंडं संपवायला मला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ही जेवून, ताटं धुऊन, दोन शर्टांची काजं करून येते. आणि खालच्या मजल्यावर बेकरी, हे तुला माहीतच आहे. अकरा वाजता आणि चार वाजता माझा हात आपोआप पाव-लोण्याकडे जायचा, भूक असो की नसो. सर्जनबाईंकडची आहारतज्ज्ञ मुलगी म्हणाली, काका, हाताला दुसरं काम द्या. मी तोंडाला काम दिलं. त्या दोन वेळांना तोंडात टाचण्या धरून बसायचो. टाचण्या तोंडात असताना पाव खाता येत नाही, ही साधी गोष्ट. ते ऐकून त्या मुलीने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, टाचण्या राहू द्या, पायांना काम द्या. आता अकरा आणि चारला मी जिना उतरून गल्लीच्या टोकापर्यंत चालून येतो.

एकदाच मोह झाला. बेकरीवाल्याने नवीन केक वर पाठवला, चाखायला. एवढासा तुकडा. पंधरा मिनिटांत दरदरून घाम, छाती धडधडायला लागली, पोटात कळ, डोळ्यांपुढे अंधारी. गोड खाल्लं तर असं होईल हे मला तीनदा सांगितलेलं होतं, पण ते आम गिऱ्हाइकांसाठी असतं असं माणूस धरून चालतो. मी कापायच्या टेबलावर आडवा झालो. थंडी वाजायला लागली तेव्हा हिने हाताला लागलं ते कापड डोक्यापासून पायांपर्यंत टाकलं, ते नेमकं एकाच्या सुटाचं काळं कापड. ही खाली बेकरीतून मीठ-पाणी करून आणायला गेली आणि तेवढ्यात त्या सुटाचा मालक वर आला. त्याने टोपी काढली. दोन मिनिटं मान खाली घालून उभा राहिला. ही परत आल्यावर अगदी हलक्या आवाजात म्हणाला, 'फार वाईट झालं. आणि... माझ्या सुटाचं काय?' कापडाखालून मी सांगितलं, परवा मिळेल. तो जिन्यावरून ज्या वेगाने गेला तो पाहून माझ्या सर्जनबाई खूश झाल्या असत्या.

हे सगळं हसण्यावारी नेलं, पण आतून मी खचत चाललो होतो. दोन महिने अंड्याएवढ्या पोटावर काढले आणि पँट? पँट तशीच. तीच कमर, तसंच बसणं. शर्टसुद्धा तसाच. पहिल्या तपासणीत काट्याचा आकडा मी बघितलाच नव्हता; आहारतज्ज्ञ मुलगी 'छान चाललंय' म्हणाली होती, पण ते मी धरलं नाही. मीसुद्धा रोज दहा जणांना 'छान दिसतंय' म्हणतो. तू म्हणशील, शिंपी आहेस, टेप लाव. ताई, स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही. आकडा बघायला मान वाकवली की पोट बाहेर येतं, आणि टेप बघून माणूस श्वास आत ओढतो. माझी मापं नेहमी हीच घेते आणि वहीत लिहिते. आता वही मागायचीही हिंमत होईना. दुसरी तपासणी मी सरळ चुकवली. एवढं कापलं, जोडलं आणि मी होतो तिथेच, म्हणजे आता बाबांसारखंच, असं मनाने घेतलं होतं. जिना चढताना बाराव्या पायरीवर मी सवयीने थांबत होतो. दम लागलाय की नाही हेसुद्धा तपासत नव्हतो.

मागच्या सोमवारी ही औषधाच्या दुकानात गेली होती आणि माझ्या पँटचं मागचं बटण सुटलं. लावायला म्हणून पँट उलटी केली. अकरा वर्षांत मी ती पँट पहिल्यांदा आतून पाहिली. मागच्या शिवणीत एक तिकोनी तुकडा जोडलेला होता, त्याच कापडाचा, इतक्या सफाईने की बाहेरून पत्ता लागू नये. आणि त्या तुकड्यावर जुन्या शिलाईच्या भोकांच्या ओळी, एकीच्या बाहेर एक, बाहेर-बाहेर सरकत गेलेल्या. मी नऊ मोजल्या. शिवण उसवली तरी भोकं कापडात राहतात, तुला ठाऊक आहे, तूच शिकवलंस. मग शेवटची ओळ पाहिली. ती आत होती. सगळ्या नऊ ओळींच्या खूप आत, ताज्या दोऱ्याची.

ही आली तेव्हा मी पँट मांडीवर घेऊन बसलो होतो. म्हणाली, 'अहो, घट्ट झाली की उसवते, सैल झाली की आत घेते. इस्त्री करताना हात जातोच, शर्टांवरही. सवय झालीय.' मग सांगितलं का नाहीस, तर म्हणाली, 'आधी तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. नंतर... खरं सांगू? नंतर सांगायचं माझ्या लक्षातच आलं नाही.' अकरा वर्षं ती माझ्या नकळत मला जाड होऊ देत होती आणि दोन-अडीच महिने माझ्या नकळत बारीक. मला तिचा राग यायला हवा होता. मी रडलो. दुसऱ्या दिवशी सर्जनबाईंकडे जाऊन निमूट काट्यावर उभा राहिलो. एकशे एक. साखर जवळजवळ माणसात आलेली. बाई तपासणी चुकवल्याबद्दल रागावल्या, मी ऐकून घेतलं आणि त्यांचा तो कोट मागून घेतला. आता त्यांचा खांदा सरळ आहे. तिथून दुकानात परत येताना मी जिन्याच्या एकोणीसच्या एकोणीस पायऱ्या एका दमात चढलो, आणि वर पोचल्यावर आठवलं की खिळा बघायचा राहिला.

असं आहे सगळं. सुटलो, ताई. इतकं हलकं मला लहानपणी शाळेला सुट्टी लागल्यावरच वाटायचं. भाऊजींना नमस्कार सांग. त्यांनी खोकल्यावर निदान एकदा तरी डॉक्टरांचं औषध घेऊन बघावं.

तुझा,
(आता निम्म्या खुर्चीत मावणारा)
धाकटा

ता. क. : सोबतच्या पार्सलात तुझा हिवाळ्याचा कोट आहे. तू कळवलेल्या मापाने शिवलाय, तंतोतंत.

ता. क. दुसरा : आता तूही माझा एक गुन्हा ऐक. तू गेली आठ वर्षं मला तेच माप लिहून पाठवतेस आणि मी गेली आठ वर्षं त्यात गुपचूप वाढवतोय. पहिल्या वर्षी एक इंच, गेल्या वर्षी सात. तुझे फोनवरचे श्वास ऐकून अंदाजाने. तुला वाईट वाटू नये म्हणून. हिने गुपचूप वाढवलेल्या माझ्या पँटमुळे मला माझी चूक कळली. तेव्हा या वेळी काहीच वाढवलेलं नाही, या कोटाची बटणं लागणार नाहीत. रागाव, दोन दिवस फोन उचलू नकोस, चालेल. पण पुढच्या गुरुवारी अकरा वाजता सर्जनबाईंकडे तुझ्या नावाने वेळ घेतली आहे. ऑपरेशनच करतील असं नाही, तुला काय लागू आहे ते त्या बघतील. मी बरोबर असेन. ताई, तू माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी आहेस आणि मला तुझी फार भीती वाटते, तुझी म्हणजे तुझ्याविषयी.

ता. क. शेवटचा : थंडीत तुला कोटाशिवाय ठेवणार नाही. तुझ्या खऱ्या मापाचा दुसरा कोट दुकानात हुकावर टांगून तयार आहे. तो पोस्टाने येणार नाही, न्यायला तुलाच यावं लागेल. जिन्यात मी खाली येऊन हात देईन, बाराव्या पायरीवर हवं तेवढं थांबू. कोटाला शिवणी मी कच्च्याच घातल्या आहेत, आत घ्यायला सोप्या पडतील म्हणून.